मधला रूळ

बंद पडलेलं जुनं इंजिन हातात आलं की मी मोटर उघडत नाही. आधी ते पालथं करतो. वीज उचलणारे भाग पोटाखाली असतात: रोलर, त्यांना खाली दाबून धरणारी स्प्रिंग, हे सगळं जिच्यावर बसवलेलं असतं ती इन्सुलेशनची पट्टी आणि तिथून आत जाणारी एक वायर. साठ-सत्तर वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या गाडीची मोटर बहुधा ठणठणीत निघते. तांब्याची गुंडाळी नि लोखंडी पत्रे नुसते पडून फारसे बिघडत नाहीत. बिघडतात त्या जागा, जिथे एक भाग दुसऱ्याला फक्त टेकलेला असतो आणि त्या टेकण्यातूनच वीज पुढे जायची असते.

*

मी राहतो त्या न्यू जर्सीत, नेवार्कला लागून, अर्व्हिंग्टन नावाचं गाव आहे. लायोनेल कंपनीचा मोठा कारखाना तिथे होता. जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात नाताळच्या झाडाखाली लायोनेलची गाडी फिरणं हे इथल्या कितीतरी घरांत ठरलेलं असे. १९७० च्या सुमारास उत्पादन मिशिगनला हललं. पण विकलेल्या गाड्या कुठे जाणार? त्या इथल्या तळघरांत राहिल्या. घरं मराठी, गुजराती, तेलुगू कुटुंबांनी विकत घेतली आणि नारिंगी-निळ्या खोक्यांतल्या काही गाड्या घरासोबतच नव्या मालकाकडे आल्या. माझ्या टेबलावर येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच अशा आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी लहानपणी त्या पाहिलेल्या नसतात, त्यामुळे ‘पूर्वी कशी चालायची’ हे सांगणारं कुणी नसतं. गाडीलाच विचारावं लागतं.

*

लायोनेलच्या गाडीला तीन रूळ कशाला, खऱ्या रेल्वेला तर दोनच असतात, हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

दोन रुळांच्या मांडणीत एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. त्यासाठी प्रत्येक आसावरची दोन चाकं एकमेकांपासून इन्सुलेशनने तोडावी लागतात. शिवाय रुळाचा फेरा स्वतःकडेच वळून आला की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट होतो. लायोनेलने १९०६ मध्ये तीन रुळांचा मार्ग आणला आणि हे दोन्ही प्रश्न सुटले. बाहेरचे दोन रूळ विजेच्या हिशेबाने एकच, मधला वेगळा. गाडी कशीही वळवा, कुठूनही फिरवून आणा, मधला रूळ मधल्यालाच भेटतो. आठ वर्षांच्या पोरानेही मनात येईल ती मांडणी करावी आणि ती चालावी, एवढी सोय त्या एका जादा रुळाने केली. चाकं आणि आस साध्या धातूचे राहिले, गाडी स्वस्त आणि दणकट झाली.

या सोयीची किंमत एका जागी मोजावी लागते. गाडीला लागणारी सगळी वीज मधल्या रुळावर टेकलेल्या एक-दोन रोलरांतून यावी लागते. ते रुसले की सगळं बंद.

*

रोलर रुळावर टेकतो, रोलरमधून वीज त्याच्या पिनेत जाते, पिनेतून तिला धरणाऱ्या बाहूत आणि तिथून वायरीत. यातली पहिली जागा डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे तीच पुसतात. रोलर बाहेरून चकचकीत होतो आणि गाडी तरीही आचके देते. दुसरी जागा रोलरच्या पोटात आहे, पिनेभोवती. जुनं तेल तिथे वाळून तपकिरी, चिकट पापुद्रा झालेलं असतं. या पापुद्र्यातून वीज नीट जात नाही, आणि त्याच्यामुळे रोलर फिरतही नाही.

न फिरणारा रोलर रुळावर घासत जातो. एकाच बाजूने घासून तो चपटा होतो, आणि चपटा झालेला रोलर पापुद्रा काढल्यावरही फिरायला नाखूश असतो. म्हणून मी आधी बोटाने रोलर फिरवून बघतो. सैल फिरला तर अर्धं काम झालं. अडला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब दोन्ही टोकांना सोडायचा, थांबायचं, फिरवायचं, निघालेला मळ कापसाच्या काडीने टिपायचा, पुन्हा थेंब सोडायचा. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. घाई करून पक्कडीने रोलर पिळू नये. बाहू वाकला की रोलर रुळावर तिरका बसतो आणि मग तो कडेनेच झिजतो.

साफ झाल्यावर पिनेला हलक्या तेलाचा अगदी बारीक थेंब. जास्त घातलं तर ते रुळावर उतरतं, चाकं घसरतात आणि उडणारी धूळ त्या तेलात बसून नवी काजळी तयार होते.

मधोमध खोबण पडलेला रोलर मात्र बदलावा. पिनेचं फुगवलेलं डोकं कानशीने घासून सपाट करायचं, पंचने पिन काढायची, नवा रोलर आणि नवी पिन घालायची, आणि खालून भक्कम आधार देऊन हलक्या ठोक्यांनी पिनेचं टोक पसरायचं. रोलरला कडेने किंचित हलायला जागा ठेवायची. गच्च बसवलेला रोलर नवा असून जुन्यासारखाच वागतो.

*

स्प्रिंगकडे फार कमी लोक बघतात. तिचं काम दाबण्याचं आहे, वीज वाहण्याचं नाही. पण बाहूच्या बिजागरीत गंज किंवा मळ असला की वीज सोपी वाट शोधते आणि ती वाट बारीक स्प्रिंगमधून जाते. दोन अँपिअर तिच्यातून वाहू लागले की ती तापते आणि तिचा ताण जातो. डबे घसरून शॉर्ट झाला असेल तर हे काही क्षणांतच होतं. निळसर पडलेली स्प्रिंग दिसली तर ती बदला आणि लगेच बिजागरीही साफ करा. नुसती स्प्रिंग बदलली तर नवीही तशीच जाईल.

*

रोलर सहसा दोन असतात. त्याचं कारण सांध्यांवर कळतं. जिथे एका मार्गाचे दोन होतात तिथे मधला रूळ सलग ठेवता येत नाही. बाहेरचे रूळ त्याला छेदून जातात, त्यामुळे मध्ये खंड सोडावा लागतो. पुढचा रोलर त्या खंडावर असताना मागचा अजून रुळावर असतो, मागचा खंडावर आला की पुढचा पलीकडे पोचलेला असतो.

यातून निदानाची एक युक्ती मिळते. सरळ रुळावर नीट धावणारी गाडी दर वेळी सांध्यावरच मान टाकत असेल, तर दोघांतला एक रोलर काम करत नाही. कुठला ते शोधायला गाडी उघडायची गरज नाही. एका रोलरखाली रुळावर कागदाची पट्टी सरकवा आणि वीज द्या. मग दुसऱ्याखाली. ज्या रोलरखाली कागद असताना गाडी हलत नाही, त्याचा जोडीदार बिघडलेला.

*

एडिसन गावच्या एका काकूंनी लायोनेलचं वाफेचं इंजिन आणून दिलं. घर घेतलं तेव्हा तळघरात मिळालेलं.

“बघा हो जरा. नातू येणारय उन्हाळ्यात. गुरगुरतं नुसतं, हलत नाही.”

“अजिबात नाही हलत काकू, की थोडं चालून थांबतं?”

“चालतं की. मग त्या फाट्यावर थांबतं. मी हाताने जरा पुढे ढकललं, तर मेलं उलटंच पळायला लागलं!”

काकूंनी नकळत सगळं निदान सांगून टाकलं होतं. या इंजिनांत दिशा बदलणारी एक पेटी असते, तिला ई-युनिट म्हणतात. आत एक छोटा ड्रम आणि त्यावर टेकलेल्या पातळ पितळी जिभा. वीज तुटून परत आली की विद्युतचुंबक ड्रमला एक घर पुढे ढकलतो: पुढे, मग थांबा, मग मागे, मग पुन्हा थांबा. मालक खटका दाबून वीज तोडतो तेव्हा हे होणं अपेक्षित आहे. पण मळक्या रोलरने सांध्यावर वीज क्षणभर तोडली तरी ई-युनिटला फरक कळत नाही. ते एक घर पुढे जातं आणि गाडी ‘थांबा’वर येते. वीज चालू आहे म्हणून गुरगुरते, पण मोटरला काही मिळत नाही. हाताने ढकलताना रोलर पुन्हा उचलला गेला, वीज पुन्हा तुटली, ड्रम आणखी एक घर फिरला आणि इंजिन उलटं पळालं.

अशा वेळी लोक ई-युनिट बिघडलं म्हणून नवं मागवतात. इलेक्ट्रॉनिक पाटीही मिळते, ती बसवली की शांतपणे चालतं आणि मूळ यंत्र कचऱ्यात जातं. काकूंच्या इंजिनाचं ई-युनिट अगदी निरोगी होतं. एक रोलर अडकलेला होता, एवढंच.

*

स्टील वूल कधीही वापरू नये. रुळांवर नाही, रोलरवर नाही, गाडीच्या आसपासही नाही. १९५० पासून लायोनेलच्या बऱ्याच इंजिनांत चाकांनी रुळाला घट्ट धरावं म्हणून चुंबक आहेत. लोखंडाचे बारीक तुकडे ते ओढून घेतात आणि तिथून ते मोटरमध्ये शिरतात.

पॉलिश पेपरही नको. जुने रूळ कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असतात. मुलामा खरवडला की खालचं लोखंड गंजतं. शिवाय ओरखड्यांत मळ जास्त घट्ट बसतो. लाकडाच्या ठोकळ्याभोवती जाड सुती कापड गुंडाळून, त्यावर अल्कोहोल घेऊन पुसत जावं. वेळ लागतो. लागू द्यावा.

*

वीज आत येते तशी ती बाहेरही जायला हवी. रोलर स्वच्छ करून थकलेले लोक ही बाजू विसरतात. परतीची वाट चाकांतून आहे: मोटरच्या सांगाड्यातून आसात, आसातून चाकांत, चाकांतून बाहेरच्या रुळांत. चाकांच्या कडांवर काळा थर असतो तो निघतो, दिसतो. पण डब्यात दिवा असेल तर परतीची वाट बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या वळत्या चाकगाड्याच्या, एका रिव्हेटमधून जाते, आणि त्या रिव्हेटखाली गंज धरलेला असतो. दिवा लुकलुकतो. बल्ब बदलून काहीच होत नाही. रिव्हेटपाशी अल्कोहोल सोडून बोगी डावी-उजवी फिरवत राहिलं तर बहुतेक वेळा दिवा स्थिर होतो. नाही झाला तर बोगीपासून सांगाड्यापर्यंत एक मऊ, बारीक वायर सोल्डर करायची. ती खालून दिसत नाही अशी बसवता येते आणि नको झाली तर काढता येते.

*

मल्टिमीटरबद्दल. ओहमच्या खुणेवर ठेवून रोलर ते वायर मोजलं, आकडा जवळजवळ शून्य आला, म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये. त्या मोजणीत मल्टिमीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, बहुधा मिलिअँपिअरमध्ये किंवा त्याहून कमी. तेवढा प्रवाह कुठल्याही खराब जोडातून निघून जातो. इंजिन ओढतं दीड-दोन अँपिअर. त्या ओझ्याखाली जोड कसा वागतो ते बघायला हवं.

म्हणून इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. चाकं हवेत राहतील असं इंजिन आडवं धरायचं, बाहेरून दोन वायरींनी वीज द्यायची आणि एक टोक रोलरच्या पृष्ठभागावर, दुसरं रोलरपासून निघणाऱ्या वायरीवर ठेवायचं. चांगल्या जोडात आकडा नगण्य येतो. एक ओहमचा अडथळा असेल तर दोन अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि चार वॅट उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत तयार होते. गाडी मंद का, आणि पिन काळी का, या दोन्हींचं उत्तर या एका मोजणीत असतं.

*

इन्सुलेशनच्या पट्ट्या फायबरच्या असतात, दाबलेल्या कागदासारख्या दिसतात. ओलसर तळघरात त्या पाणी पितात, फुगतात, त्यांचे पदर सुटतात. फुगलेली पट्टी वीज थोडी थोडी गळू देते. वाळवल्यावर काही सुधारतात, पदर सुटलेली पट्टी बदलावीच लागते. तयार पट्टी मिळाली नाही तर जाड फायबरच्या तक्त्यातून, जुनीचा छाप घेऊन, करवतीने कापता येते. भोकं मात्र जुन्यावरूनच मोजावीत.

वायरींचं तसंच. तीस आणि चाळीसच्या दशकांतलं रबरी आवरण हात लावला की चुऱ्यासारखं गळतं. अशी वायर ‘अजून चालतेय’ म्हणून ठेवू नये. कापडी वेष्टणाची वायर नवीही मिळते, रंगही जुन्यासारखे मिळतात. दिसण्याला जपायचं असेल त्यांनी ती घ्यावी.

सोल्डर करताना रोझिन फ्लक्स वापरावा. नळकामाचा आम्लाचा फ्लक्स तांबं खात राहतो. काही वर्षांनी वायर मुळाशी हिरवी होऊन तुटलेली सापडते. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, जुन्या रंगातही असू शकतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्या टेबलावर चहा पिऊ नये.

*

दूधवाला डबा. लायोनेलचा हा डबा १९४७ साली आला. दार उघडतं, पांढऱ्या कपड्यातला माणूस दुधाचा कॅन फलाटावर ढकलतो. मुलं अजून त्याला बघून ओरडतात.

त्याची वीज रोलरमधून येत नाही. त्याच्यासाठी एक खास रूळ-तुकडा असतो, त्यात नेहमीच्या तिन्हींशिवाय आणखी दोन बुटके रूळ असतात. डब्याच्या बोगीखाली फायबरच्या पट्टीवर बसवलेली धातूची टिकली त्या रुळांवर घासते. ती टिकली जिथे असावी त्यापेक्षा किंचित वर राहिली की माणूस बाहेर येत नाही. किंचित खाली आली की सांध्यात अडकते आणि पट्टी मोडते. टिकलीपासून आत जाणारी वायर अगदी बारीक आणि लवचीक लागते, कारण बोगी वळते तशी तिला वळायचं असतं. कुणी तरी तिथे जाड वायर लावलेली असते. मग वळणावर बोगी सरळच राहू बघते आणि डबा घसरतो. दोष डब्याच्या चाकांत शोधत बसतात लोक.

*

जर्मनीची रीत निराळी. गोपिंगनची मेर्कलिन कंपनी १८५९ पासूनची. तिची टेबलावर मावणारी छोटी गाडी १९३५ साली आली, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. तिलाही मधला रूळ होता. पुढे, पन्नासच्या दशकात, त्यांनी तो रूळ काढून स्लीपरांच्या मधोमध बारीक टोकं ठेवली. लांबून बघितलं तर दोनच रूळ दिसतात.

टोकांवर रोलर चालणार नाही. म्हणून इंजिनाखाली एक लांब पट्टी असते, जिला जर्मन लोक श्लायफर म्हणतात. एका टोकावरून सुटण्याआधी ती पुढच्याला पोचलेली असते. जुन्या पट्टीला मधोमध लांब चर पडतो आणि तिचा वाक बदलतो. सपाट काचेवर ठेवून बघावं, कुठे उचललेली आहे ते लगेच कळतं. बदलणं सोपं आहे, बहुतेक इंजिनांत एक स्क्रू. पण तो स्क्रू इन्सुलेशनच्या तुकड्यातून जातो. तो तुकडा परत नीट बसवला नाही तर पट्टी सांगाड्याला टेकते आणि पहिल्याच क्षणी शॉर्ट.

मेर्कलिनची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे दिशा बदलायला वीज तोडत नाहीत, क्षणभर वाढवतात. सोळा व्होल्टवर चालणाऱ्या गाडीला चोवीस व्होल्टचा एक ठोका दिला की आतला रिले पलटतो. त्यामुळे मळक्या टोकावर वीज तुटली तर गाडी अडखळते, पण दिशा विसरत नाही. काकूंचं इंजिन मेर्कलिनचं असतं तर उलटं पळालं नसतं.

*

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली हॉर्नबी डब्लो आणली, तीन रुळांची, बारा व्होल्ट डीसीची. १९५९ मध्ये तीच दोन रुळांवर आली. दोन रुळांच्या गाडीत मधलं काही नाही, वीज चाकांतूनच उचलायची. चाकाच्या मागच्या बाजूला फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी टेकलेली असते.

या पट्टीचा दाब हा सगळा खेळ आहे. नाडी बघताना बोट जेवढं टेकवावं तेवढाच. जास्त दाबली तर चाकाला ब्रेक लागतो, कमी दाबली तर ठिणग्या उडतात. फॉस्फर ब्राँझ हा तांबं, कथील आणि थोडासा फॉस्फरस यांचा मिश्रधातू. तो हजारो वेळा लवला तरी आपला वाक सोडत नाही. पितळेची पट्टी कापून लावली तर काही दिवस चालते, मग मऊ पडते. तुकड्याची किंमत क्षुल्लक आहे, धातू योग्यच घ्यावा.

*

मुंबईच्या माणसाला हे सगळं परकं वाटू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जीआयपी रेल्वेची पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, १५०० व्होल्ट डीसीवर. आता तिथे २५,००० व्होल्ट एसी आहे. पण प्रश्न तोच: पळत्या गाडीने स्थिर तारेतून वीज कशी उचलायची आणि उचलणारा भाग कसा टिकवायचा?

पादचारी पुलावर उभं राहून सरळ मार्गावरच्या तारेकडे बघा. ती रुळांच्या मधोमध जात नाही. एका खांबापाशी थोडी डावीकडे, पुढच्यापाशी थोडी उजवीकडे, अशी नागमोडी ओढलेली असते. त्यामुळे गाडीवरच्या पँटोग्राफची कार्बनची पट्टी सगळ्या रुंदीभर सारखी झिजते, एका जागी चर पडत नाही. खेळण्यात मधला रूळ नेमका मधोमध, म्हणून रोलरला खोबण पडते. ही खोबण हा बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. मुलाला जोडता येतील असे रूळ हवे असतील तर ते सरळच असणार. रोलर झिजणारा भाग आहे हे ठरवूनच तो बदलता येईल असा केलेला आहे.

*

ट्रान्सफॉर्मरमध्येही रोलर असतात. लायोनेलचा झेडडब्ल्यू हा १९४८ चा मोठा ट्रान्सफॉर्मर उघडला की दिसतं: हँडल फिरवलं की कार्बनचा छोटा रोलर गुंडाळीच्या उघड्या तारांवरून सरकतो आणि जिथे थांबेल तेवढे व्होल्ट देतो. हा रोलर झिजला की त्याला धरणारा धातू तारांना लागतो आणि गुंडाळी जळते. झेडडब्ल्यू विकत घेणाऱ्याने सर्वात आधी हे रोलर बघावेत. ते स्वस्त आहेत, गुंडाळी नाही.

भारतात असे सेट नेणाऱ्यांसाठी: हे ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेले आहेत. २३० व्होल्टच्या प्लगात घातला तर जळेल. मध्ये व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो, म्हणून ओझं कमी ठेवावं आणि लक्ष ठेवावं. लायोनेलच्या मोटरला मात्र फरक पडत नाही, ती डीसीवरही चालते. फक्त शिट्टीचं टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा, जोडलेलं असेल तर डीसीवर शिट्टी वाजतच राहील. शिट्टीचा रिले एसीमध्ये मिसळलेल्या डीसीची वाट बघत बसलेला असतो, तोच त्याचा इशारा.

*

पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९५४ साली स्थापन झालेली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन त्यामागे आहे. तिथे इंजिनांपेक्षा मला सुट्या भागांची टेबलं जास्त ओढतात. छोट्या डब्यांत रोलर, पिना, स्प्रिंगा, फायबरच्या चकत्या, नीट नंबर लावून. इतक्या बारीक वस्तूंसाठी एवढी माणसं आयुष्यभर मेहनत घेतात, म्हणून तर या गाड्या अजून धावतात.

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. मुलांना तिथे जरूर न्यावं. चालत्या प्रतिकृती बघताना एखाद्या इंजिनाखाली वाकून, ते वीज कुठून उचलतं हे शोधायला सांगावं.

*

नवा भाग लावला की जुना फेकू नये. छोट्या पिशवीत घालून, तारीख लिहून, गाडीच्या खोक्यात ठेवावा. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला मूळचं काय होतं ते कळतं. मी ज्या गाड्या उघडतो त्यांत कधी कधी पन्नासच्या दशकातल्या कुणा दुकानदाराने लावलेली सुबक सोल्डर दिसते. त्याने काय केलं आणि का केलं हे समजतं. आपणही तेवढं समजण्याजोगं काम करावं.

*

काचेच्या कपाटात ठेवून कधीच न चालवणारे संग्राहक आहेत. त्यांच्या गाड्या सुंदर असतात. पण मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि यामागे भावनेपेक्षा धातूचं शास्त्र आहे. टेकणाऱ्या दोन पृष्ठभागांवर हवेतला ऑक्सिजन आणि गंधक सतत पातळ थर चढवतात. गाडी चालली की घासण्याने तो थर निघतो. फिरता रोलर स्वतःची पिन साफ ठेवतो, घासती पट्टी स्वतःचं तोंड उजळते. गाडी थांबून राहिली की तेल वाळतं आणि थर वाढतो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं गोल फिरवली तर जे काम होतं, ते वर्षातून एकदा उघडून पुसण्याने होत नाही.

*

तुमच्याकडे, किंवा नुकत्याच घेतलेल्या घराच्या तळघरात, अशी पेटी असेल तर ती टाकून देऊ नका, आणि लगेच प्लगातही घालू नका. आधी ट्रान्सफॉर्मरची मुख्य वायर वाकवून बघा. तडे दिसले तर ती जाणत्याकडून बदलून घ्या, तोवर हात लावू नका. मग इंजिन मऊ टॉवेलवर पालथं करा आणि प्रत्येक रोलर बोटाने फिरवा. अडलेला असेल तर अल्कोहोल आणि कापूस घ्या. मोटर उघडायची वेळ बहुधा येणारच नाही.